हमीदार

डेल्फिन ग्लेंडाच्या घरी राहायला गेला तेव्हा गावात दोन तट पडले. एक म्हणायचा, त्याला देश हवाय. दुसरा म्हणायचा, तिला फुकटचा गडी हवाय. माझं घर त्यांच्या समोरच, त्यामुळे दोन्ही तट माझ्याच स्वयंपाकघरात चहा पिऊन जायचे.

डेल्फिन फिलिपिन्सचा. आमच्या बंदरावरच्या खेकड्यांच्या कारखान्यात परमिटवर आला आणि माझ्या शेजारी, खेकड्यांचे पाय तोडायच्या टेबलापाशी उभा राहायला लागला. ग्लेंडा पार्डी शाळेची बस चालवते. नवरा तिला कधीच सोडून गेलेला. घरात ती आणि तिचा बाप आंब्रोज. आंब्रोजने जन्म न्यूफाउंडलंडच्या या समुद्रावर काढला, पण आता त्याला विसरायला व्हायचं. मुलीच्या हातून औषध घ्यायचा नाही, डेल्फिनने दिलं की मुकाट गिळायचा. डेल्फिन त्याला 'ताताय' म्हणायचा. त्यांच्याकडे बापाला तसं म्हणतात.

एकत्र राहून वर्ष उलटलं तसा ग्लेंडाने त्याच्या कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज केला, हमीदार स्वतः झाली. लग्न तिला नको होतं. एकदा करून बघितलंय, पुरे, म्हणायची. कॅनडात लग्नाशिवायही जोडीदाराची हमी घेता येते. फक्त दोघं नवरा-बायकोसारखी एका छपराखाली राहतात हे सरकारला पटावं लागतं, आणि निकाल येईपर्यंत तसंच राहावं लागतं. शेजारीण म्हणून मीही चिठ्ठी लिहून दिली. मग मुलाखतीचं बोलावणं आलं. ते सगळ्यांना येत नाही. ग्लेंडा धास्तावली. उगाच चिडायला लागली, भांडी आदळायला लागली. डेल्फिन मात्र शांत. तो नेहमीच शांत असायचा, आणि त्याचं मला कधीकधी बरं वाटायचं नाही.

सप्टेंबरात घरच्यापुरता कॉड मासा धरायला परवानगी मिळते. आंब्रोज रोज सकाळी रबरी बूट चढवून दाराशी बसायचा. त्याला बोटीत न्यायचं नाही, असं ग्लेंडाने बजावलं होतं. एका शनिवारी ती सामान आणायला गेली आणि डेल्फिन म्हाताऱ्याला घेऊन गेला.

ती परतली तोवर धुकं उतरलं होतं. धक्क्यावरून समोरचा लाल खडकसुद्धा दिसेना. मी तिच्याजवळ उभी राहिले. तिने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी इंजिनाचा आवाज आला. बोट लागली तेव्हा आंब्रोज नखशिखांत भिजलेला, ओठ निळे, दात वाजत होते. मासा ओढताना तोल जाऊन पाण्यात पडला होता. डेल्फिनने कॉलर धरून वर ओढला होता. म्हातारा हसत होता, माशाची शेपटी हातातून सोडायला तयार नव्हता.

आम्ही त्याला कोरडं करून अंथरुणात घातलं. मग ग्लेंडा स्वयंपाकघरात आली.

"मी नको म्हटलं होतं."

"रडत होते ते, ग्लेंडा. बूट घालून रडत होते."

"मेले असते."

"हो. चुकलं माझं."

इथे थांबली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती. पण धक्क्यावर साठलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. "घर माझं आहे, बाप माझा आहे. आणि तू इथे कुणाच्या जिवावर राहतोयस ते विसरू नकोस. मी एक फोन केला ना, तर पुढच्या विमानात बसशील."

डेल्फिनच्या हातात टॉवेल होता. त्याने तो घडी करून खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "बरोबर आहे," एवढंच म्हणाला. सकाळी त्याची बॅग जागेवर नव्हती. कारखान्यामागे कामगारांच्या खोल्या आहेत, तिथे फिलिपिन्सच्याच एका गाववाल्याकडे तो राहायला गेला होता.

मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती.

ग्लेंडा दोनदा त्या खोल्यांपर्यंत गेली आणि दार न वाजवताच परतली. तिने माझ्याकडे येऊन सगळं पुन्हा सांगितलं, जणू मी तिथे नव्हतेच. मीही तिला सोडलं नाही. म्हटलं, "शिवी दिली असतीस तर त्याने परत दिली असती. पण ह्याला तो काय उत्तर देणार?"

कामावर मी डेल्फिनलाही विचारलं. तो मान खाली घालून पाय तोडत राहिला. मग म्हणाला, "बर्निसआत्या, ती रागात बोलली हे कळतं मला. पण खोटं नाही ना बोलली. आता सकाळी तिला चहा करून देताना मला वाटणार, मी हे का करतोय?"

"मुलाखतीला येणार आहेस का?"

"बघू."

एक गोष्ट ग्लेंडाला ठाऊक नव्हती. ती बसवर असताना, दुपारच्या सुट्टीत डेल्फिन मागच्या दाराने येऊन म्हाताऱ्याला जेवू घालून जायचा. मीही तेव्हा जेवायला घरी असायचे, घराला वळसा घालताना तो मला खिडकीतून दिसायचा. सांगू नका म्हणाला, म्हणून मी गप्प राहिले.

आदल्या संध्याकाळी मीच ग्लेंडाला सल्ला दिला, की एकत्र राहतो म्हणून सांग आणि मोकळी हो. आठवडाभराचा प्रश्न, कोण बघायला आलंय?

पहाटे मीच गाडी काढली. आंब्रोजजवळ माझा नवरा बसला. कारखान्याच्या फाटकाशी डेल्फिन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. मागे बसला. सेंट जॉन्स शहरापर्यंतचा तो लांबलचक रस्ता, दोन्हीकडे झाडी, कधी मूस, इथलं घोड्याएवढं हरीण, आडवं येईल सांगता येत नाही. मला समोर बघायला निमित्त होतं. त्या दोघांना तेही नव्हतं.

कार्यालयात आधी ग्लेंडाला आत घेतलं. डेल्फिन माझ्या शेजारी बसला, गुडघा सारखा हलवत. आत काय झालं ते मला दोघांनी नंतर वेगवेगळं सांगितलं.

अधिकारी बाई वयाने लहान होती, बोलायला नीट. कोण कुठल्या बाजूला झोपतं, त्याच्या आईचं नाव काय, असं विचारत गेली. मग विचारलं, "सध्या तुम्ही एकत्र राहता?"

ग्लेंडा म्हणाली, "शनिवारपासून नाही."

बाईचं लिहिणं थांबलं. ग्लेंडाने तिला सगळं सांगितलं. बाप, धुकं, आणि ते वाक्य, जसंच्या तसं. शेवटी म्हणाली, "तुम्ही अर्ज फेटाळलात तर दोष माझा. त्याचा नाही, एवढं लिहून घ्या."

ती बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की डेल्फिन अर्धवट उठला. पण त्याचं नाव पुकारलं होतं.

त्यालाही तेच विचारलं. तो म्हणाला, "नाही मॅडम. मी घर सोडलं."

"घर सोडलं तर अर्ज संपतो, हे ठाऊक होतं तुम्हाला?"

"होतं. म्हणूनच सोडलं. त्या घरात मी कागदासाठी राहतोय की तिच्यासाठी, हे माझं मलाच कळेना. बाहेर पडल्याशिवाय कळलंही नसतं."

"मग कळलं?"

"आज घरी जाणार आहे, ती घेत असेल तर. तुमचं उत्तर काहीही येवो."

बाईने दोघांना पुन्हा एकत्र बसवलं आणि कळवू म्हणाली. चेहऱ्यावरून काही कळू दिलं नाही.

गाडीत बसताना डेल्फिन मागे गेला. ग्लेंडाने पुढचं दार उघडलं, तशीच थांबली, मग तीही मागे जाऊन बसली. मी आरसा जरा वर वळवला. ती म्हणाली, "ते मी बोलायला नको होतं."

"नको होतं," तो म्हणाला. "आणि मी तातायना न्यायला नको होतं." मग म्हणाला, "रोज दुपारी येत होतो मी. तुला सांगितलं नाही."

"बाबा सांगत होते, डेल्फिन जेवायला घालतो म्हणून. मला वाटलं, भ्रम झालाय त्यांना." आणि ती रडायला लागली.

हिवाळा त्यांनी कसा काढला ते मी समोरून बघत होते. पत्र येईल त्या भीतीने ग्लेंडा टपालपेटीकडे जायचीच नाही, मला पाठवायची. कधी खिडकीतून दोघांचे चढलेले आवाज ऐकू यायचे, त्याचाही, आणि मला बरं वाटायचं. बर्फ वितळायला लागल्यावर उत्तर आलं. मंजूर.

पण ग्लेंडा त्यानंतरच खरी घाबरली. कायमच्या वास्तव्याचं कार्ड हातात पडताच डेल्फिनने आईला भेटायला जायचं तिकीट काढलं. इतकी वर्षं तो गेला नव्हता, आधी परमिट आणि मग अर्ज अडकेल म्हणून. आता त्याला कोणी परत पाठवू शकत नव्हतं, आणि गेल्यावर कोणी जबरदस्तीने बोलावूही शकत नव्हतं. दोन्ही तट पुन्हा माझ्याकडे चहाला यायला लागले. पहिल्या तटाची खात्रीच होती, गेला तो गेला. ग्लेंडा बटाटे लावत होती.

तो ऑगस्टमध्ये आला, शेअर टॅक्सीने, सुक्या माशांचा वास मारणारं भलंमोठं खोकं घेऊन. आंब्रोजने त्याला ओळखलं नाही. पाहुणे आलेत, चहा टाक, असं मुलीला ओरडून सांगितलं. ग्लेंडाने चहा टाकला. डेल्फिनने खोकं खाली ठेवलं, बूट काढले आणि कप घ्यायला कपाट उघडलं.