टँकरच्या रांगेतली पेटी

मित्रांनो, मी एक पत्र्याची पेटी आहे. जुनी म्हणा, चालेल. भंगार म्हणालात तर मी तुमच्याशी बोलणार नाही. करमाडजवळच्या एका शाळेत जिन्याखाली माझा मुक्काम आहे. सध्या माझ्यावर कवायतीच्या डंबेल्सची गोणी आणि फाटकी सतरंजी टाकलेली आहे. पाठ पार अवघडून गेली. तरी बोलते, कारण मी गप्प बसले तर माझ्याबद्दल दुसरंच कोणी काहीबाही सांगेल.

आधीच सांगून ठेवते, मला अक्षर येत नाही. आयुष्यभर पोटात पुस्तकं वागवली, पण एक ओळ कधी वाचता आली नाही. जे कळलं ते ऐकून. दोन्ही बाजूंच्या कड्या हेच माझे कान समजा.

माझा जन्म औरंगपुऱ्यातल्या एका अरुंद गल्लीतला. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. मला घडवणारा कारागीर पत्र्याबरोबर शिव्याही ठोकायचा, पण हात मोठा सफाईचा. लेकरांची बोटं कापू नयेत म्हणून त्यानं माझे काठ आत वळवले आणि वरून निळा ऑइलपेंट दिला. शेजारी लग्नाच्या पेट्या होत्या, अंगभर फुलं काढलेल्या, नखरेल. त्या साड्या सांभाळायला गेल्या, मी पुस्तकं सांभाळायला आले. कोण सरस ते तुम्ही ठरवा. माझं मी कधीच ठरवलेलं आहे.

शाळेत आले त्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, फोटो काढला. पुढची कितीतरी वर्षं मी मुख्याध्यापकांच्या खोलीत कुलूप लावून बसले. तपासणीला साहेब आले की उघडायची, साहेबांची जीप फाटकाबाहेर पडली की बंद. एखादं पान फाटलं तर जाब कोण देणार, ही सगळ्यांना धास्ती. पुस्तकं कोरी राहिली आणि मी शोभेची.

मला खरं काम लागलं ते दुष्काळात. लागोपाठ पाऊस दगा देत गेला. विहिरी आटल्या, हातपंप नुसता खडखडायला लागला, गाव टँकरवर आलं. टँकर कधी येईल याचा नेम नाही. म्हणून हंडे रांगेत मांडून ठेवायचे आणि नंबर जाऊ नये म्हणून लेकरं राखणीला बसवायची. आईबाप कामावर, लेकरं हंड्यांपाशी, शाळेत नुसत्या सतरंज्या.

तेव्हा रत्नमाला मॅडम शाळेवर होत्या. वयानं लहान, अंगानं काडी, हट्टानं मात्र माझ्यावरताण. त्यांनी माझं कुलूप काढलं आणि सातवीच्या मुलींना हाताशी घेऊन मला थेट रांगेपाशी, पाण्याच्या टाकीजवळच्या लिंबाच्या सावलीत आणून ठेवलं. तिथं वाचायची एक रीत पडली. एक पान संपलं की हातातलं पुस्तक मागच्याच्या हवाली करायचं, आणि त्यानं तिथून पुढं मोठ्यानं वाचायचं. एकच गोष्ट रांगभर तुकड्यातुकड्यानं वाचली जायची. पानांना घाम लागला, चिखल लागला, एकावर शेंगदाण्याची चटणी सांडली. मी इतकी सुखात कधीच नव्हते.

रांगेत भीमनगरातल्या भामाबाई असायच्या. वयस्कर, ताठ कण्याच्या, आणि जिभेला धार अशी की टँकरचा ड्रायव्हरही नजर चुकवायचा. कोणी अडखळत वाचलं की म्हणायच्या, "अरं वाच की नीट! दातात खडा अडकला का तुझ्या?" पण टँकर यायच्या किती तरी आधी येऊन बसायच्या, ते गोष्टीसाठी. त्यांनाही माझ्यासारखंच अक्षर येत नव्हतं.

एक दिवस लाल पुठ्ठ्याचं पुस्तक निघालं. त्यातल्या गावात एकच विहीर, आणि काही घरांना तिच्यावर जायची बंदी. त्यांच्या बायकांनी रिकामी घागर घेऊन लांब उभं राहायचं, कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतणार. भामाबाई म्हणाल्या, "थांब पोरी. परत वाच तेवढं." मुलीनं परत वाचलं. भामाबाईंनी पदरानं तोंड पुसलं. "माझ्या आजीचं हाय हे. कुणी लिवलं गं?"

पुस्तकातली पोर मग एकटीच विहिरीवर जाते. दोराला हात घालते. आणि नेमका टँकर आला. हंड्यांची पळापळ झाली, गोष्ट तिथंच राहिली. "उद्या आधी हेच घ्या," भामाबाई ओरडून सांगत होत्या, "पोरीनं दोर ओढला का नाय, ते मला पायजे!"

ती उद्या आलीच नाही.

झालं असं की शेंद्र्याकडं कंपन्या वाढल्या तशी आमच्या शिवारात चुन्याच्या रेघा पडल्या, प्लॉट पडले, कॉलनी उठली. तिथं शहरातल्या कचेरीतून निवृत्त झालेल्या भानुमतीबाई मुलाकडं राहायला आल्या होत्या. त्यांची नात अश्लेषा आमच्याच शाळेत चौथीला. टँकर कॉलनीलाही चुकला नव्हता, म्हणून तीही रांगेत बसायची. त्या संध्याकाळी, मला हे मागून कळलं, तिनं जेवताना विचारलं, "आजी, आपल्या जुन्या घरी पण कोणाला वरून पाणी ओतायचे का गं?"

दुसऱ्या दिवशी भानुमतीबाईंच्या तक्रारीवरून शाळेत समिती बसली. मी मधोमध, आरोपीसारखी.

"पुस्तक खोटं आहे असं मी म्हणत नाही," भानुमतीबाई म्हणाल्या. "पण नऊ वर्षांच्या पोरीला घरच्यांकडं संशयानं बघायला शिकवायचं का? खरं असलेलं सगळंच आपण लेकरांना सांगतो का?"

रत्नमाला मॅडम म्हणाल्या, "काकू, भीमनगरातल्या लेकरांना ते घरीच कळतं. नऊ वर्षांचे व्हायच्या आतच. तुमच्या अश्लेषाला ते पुस्तकातून कळलं, एवढाच काय तो फरक."

समितीचे अध्यक्ष सर्जेराव कपाळाला हात लावून बसले होते. "मॅडम, पाण्यावरून आधीच डोकी फुटायची वेळ आलीय. तुम्ही भर रांगेत विहिरीची गोष्ट लावली! माकडाची, सशाची लावायची ना." मग त्यांनी निवाडा केला. "पेटीच बंद करा. एकात असलं निघालं, तर दुसऱ्यात नसंल कशावरून? कोणीतरी शिकलेलं माणूस सगळी पुस्तकं तपासंल. भानुमतीबाईंना वेळ हाय. त्यांच्या घरी पोचवा."

एका पुस्तकापायी सगळ्यांना कोंडलं. ससा, माकड, ग्रहगोल, भाज्यांची नावं, सगळेच संशयित. माझ्या कोयंड्यात कुलूप अडकवलं तेव्हा मी करकरले, पण पेटीचं करकरणं कोण मनावर घेतं?

भानुमतीबाईंच्या व्हरांड्यात मी पडले. रोज दुपारी त्या चष्मा लावून, पेन्सिल घेऊन बसायच्या. पहिल्यांदा लाल पुस्तक काढलं. खुणा करायला म्हणून वाचायला लागल्या आणि पेन्सिल कानावरच राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच काढलं. अश्लेषा जवळ आली की त्या ते पदराखाली घेत. लांबून टँकरचा हॉर्न ऐकू यायचा. मला वाटायचं, आत्ता रांगेत पोरं एकमेकांच्या झिंज्या उपटत असतील. आणि भामाबाई? त्यांची गोष्ट दोराला हात घालून तशीच उभी होती.

एका दुपारी त्याच आल्या. पायरीशी थांबल्या.

"बाई, गावात ते पुस्तक तुमी एकटीनं वाचलंय. मग पोरीचं पुढं काय झालं ते तुमीच सांगा. मी काय लेकरू नाय, मला वाईट वळण लागायचं वय गेलं."

भानुमतीबाई गडबडल्या. "आधी पाणी तर घ्या," म्हणत आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा एका हातात तांब्या होता, दुसऱ्यात ग्लास, आणि पाय उंबऱ्यातच थबकलेले. भामाबाईंनी ते नेमकं टिपलं.

"ओता की ग्लासात. येवढा विचार लाल पुस्तकानं लावला का?"

"हो," भानुमतीबाई हळू म्हणाल्या. "नाहीतर मी विचारच केला नसता. नुसता तांब्या घेऊन आले असते, वरून ओतायला."

"मग कामाचंच हाय की ते पुस्तक." भामाबाईंनी ग्लास तोंडाला लावला, सगळा रिकामा केला, आणि वर येऊन माझ्याशेजारी फतकल मारली. "वाचा."

भानुमतीबाईंनी वाचलं. पोरीनं दोर ओढला. घागर वर आली. गाव जमलं, सगळ्यांना आपली चूक कळली, टाळ्यांचा कडकडाट झाला, पाटलांनी पोरीच्या गळ्यात हार घातला. संपलं.

भामाबाई एकदम उसळल्या, "टाळ्या? टाळ्या कुणी वाजवल्या? ह्यो लिवणारा कधी हंडा घेऊन उभा ऱ्हायला नसंल. अन् येवढ्या गोड शेवटाच्या गोष्टीला तुमी कुलूप घातलं होय?" भानुमतीबाईंना हसू आवरेना. भामाबाई मात्र हसल्या नाहीत. "पेटी शाळेत न्या. यात काय चुकलंय ते मला लेकरांना सांगायचंय. पुस्तकच नसलं तर मी चूक कशातली दाखवू?"

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण त्या दोघी म्हाताऱ्यांनी मला एकेका कडीला धरून उचललं. दर थोड्या अंतरावर टेकवायच्या, कंबर धरायच्या, एकमेकींना नावं ठेवायच्या. "तुमची बाजू खाली जातीय बाई!" "तुम्हीच पळताय, भामाबाई!" वाटेत सर्जेराव मोटरसायकलवर भेटले.

"अहो हे काय? ठराव झालाय!"

"तपासायला मला सांगितलं होतं. तपासली," भानुमतीबाई म्हणाल्या. "मी आधी वाचायला हवं होतं, मग बोलायला."

"अन् चूक मी काढलीय," भामाबाई म्हणाल्या. "आता हात लाव, नायतर वाट सोड."

सर्जेरावांनी गाडी लावली, हात लावला. तोंड मात्र पाडलेलंच. "उद्या कुणी बोललं तर माझ्याकडं यायचं नाय," एवढं बजावून ठेवलं.

पुढच्या टँकरला रत्नमाला मॅडमनी रांगेत शेवटची पानं वाचली. टाळ्यांशी आल्या आणि भामाबाई उठल्या. "बास. हितून पुढं खोटं हाय."

"मग खरं काय झालं?" अश्लेषानं विचारलं.

"माझ्या आजीनं पाणी काढलं. टाळ्या नाय, हार नाय. घरी येऊन दार लावून घेतलं, आमचं सारं घर भीतीनं आत बसलं. रात्रभर दारावर दगड पडले. सकाळी आजीनं घागर घेतली अन् परत गेली." भामाबाईंनी लाल पुस्तकावर बोट ठेवलं. "हे 'परत गेली' लिवायचंच ऱ्हायलंय यात."

अश्लेषानं पेन्सिल मागितली. मॅडमनी दिली. शेवटच्या पानाखाली तिनं ते दोन शब्द लिहिले, आणि पुस्तक मागच्याच्या हातात दिलं.

मित्रांनो, त्यानंतर पाऊस आला, टँकर गेले, मॅडमची बदली पाचोडला झाली. शाळेला काचेची कपाटं मिळाली आणि मी जिन्याखाली आले. त्या कपाटांनाही कुलपं आहेत. अधूनमधून कोणीतरी येतं, न वाचलेल्या पुस्तकावर बोट ठेवतं, आणि वर आवाज चढतात. मी इथून ऐकते. आता कंटाळा येतो हो, तेच ते ऐकून. माझं एक बिजागर निखळलंय, तळाला गंज चढलाय. मला रंग द्या असं मी म्हणत नाही. पुस्तक आवडलं नाही तर खुशाल भांडा, चूक काढा, चारचौघांत मोठ्यानं सांगा. फक्त त्याच्या आधी झाकण उघडा, आणि शेवटच्या पानापर्यंत जा. आणि जमलं तर ही डंबेल्सची गोणी तेवढी उतरवा.