हवेत थांबलेला ठसा

अहो, इकडे, टेबलावर बघा! मी शिक्का बोलतोय. लाकडी मूठ, रबरी तोंड आणि तोंडात कायम तीनच शब्द : 'कायद्याने हरकत नाही'.

संरक्षण खात्याच्या कचेरीत मला आणलं, तेव्हा मी हरखून गेलो. समोर भिंतभर पडदा! परक्या मुलखावर घिरट्या घालणाऱ्या ड्रोनला जे दिसेल ते त्यावर दिसायचं. ड्रोनने कुणा दहशतवाद्याला टिपायचं, तर आधी फायलीवर माझा ठसा लागायचा. एवढं मोठं यंत्र माझ्यावाचून अडायचं! मला तर आभाळ ठेंगणं झालं.

माझी मालकीण म्हणजे कायदा सल्लागार बाई. त्यांचे प्रश्न ठरलेले. त्या देशाची संमती आहे का? ही माणसं लढणारीच, कशावरून? जिवंत पकडता येणार नाहीत का? मला भारी कंटाळा यायचा. कधी एकदा धप्पकन उतरतोय असं व्हायचं.

परवा मोहिमेचे साहेब फाईल घेऊन धावतच आले.

"बाई, बारा जण जमलेत. सगळे तरणेबांड, खांद्यावर लांब नळ्या. रॉकेटंच ती. मारा शिक्का."

त्या कचेरीची रीतच तशी होती. तरणा पुरुष दिसला, की तो लढणाऱ्यांत धरायचा.

बाईंनी मला उचललं. शाई ओली, मी खुशीत. आणि हात हवेतच थांबला.

"साहेब, पडद्यावर बघा. रॉकेटं अशी एकामागे एक जमिनीत सोडतात का हो?"

"म्हणजे?"

"माझे बाबा बोअरवेलवर मोटर बसवायचे. हे पाईप वाटतायत मला. जरा थांबू या."

"आणि निसटले तर?"

"तर जबाबदारी माझी."

वीस मिनिटं मी लटकत होतो. मग पडद्यावर पाण्याचा फवारा उडाला. बाराच्या बारा जण भिजत नाचायला लागले! साहेबांनी फाईल मिटली. बाई हसता हसता रडायला लागल्या, डोळे पुसायला त्यांनी हात वर नेला, आणि मी थेट त्यांच्या गालावर! 'कायद्याने हरकत नाही'. साहेबही पोट धरून हसले. इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

गाल धुऊन आल्यावर बाईंनी कपाटातून जुन्या फायली काढल्या. तिसऱ्याच फायलीत लिहिलं होतं, 'नऊ तरुण, खांद्यावर लांब नळ्या.' खाली बाईंची सही. शेजारी मी, अगदी ठसठशीत.

बाईंनी तो ठसा बोटाने घासून पाहिला. तो निघाला नाही.

आता मला घाई नाही हो. उद्या मला कुणीही उचललं, तरी हात थोडा वेळ हवेत राहू द्या.