ऐच्छिक विषय

तिने गुडघ्यावर ठेवलेल्या कागदावरचा बाण पुन्हा खोडला. इतक्या वेळा खोडून त्या जागी कागद कापसासारखा झाला होता. पेन्सिल टेकवली की टोक आत रुतत होतं. संख्याशास्त्राच्या चौकटीतून निघालेला बाण गुणवत्ता नियंत्रणाकडे जायचा, तिथून सिम्युलेशनकडे, आणि तिथून शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पाकडे. आधीचा विषय सुटल्याशिवाय पुढचा घेता येत नसे, त्यामुळे मधलं एक घर चुकलं की पुढचं सगळं अडत होतं.

सल्लागार मॅडमच्या खोलीबाहेरची रांग पार जिन्यापर्यंत गेली होती. पुढच्या सत्राची विषयनोंदणी आज संध्याकाळी बंद होणार होती. औद्योगिक अभियांत्रिकीत रांगा कशा कमी कराव्यात यावर अख्खा एक विषय शिकवतात आणि दर सत्राला याच दारापुढे रांग लागते, असं मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. तिला हसू आलं नाही. तिने नानाला पुन्हा फोन लावला. बंद.

नाना म्हणजे तिचा जुळा भाऊ. जन्मला तेव्हा तोंडावर एवढ्या सुरकुत्या, की बघायला आलेली आत्या म्हणाली, हा तर पेन्शन घेऊनच आलाय. तेव्हापासून तो नाना. ती त्याच्या काही मिनिटं आधी जन्मली होती आणि तेवढ्या भांडवलावर घरातली थोरली झाली होती. शाळेत त्याचं दप्तर ती भरायची, त्याच्या पट्ट्या-पेन्सिली ती शोधायची, बाईंनी त्याला उभं केलं की घाम तिला फुटायचा. दोघांना एकाच विभागात प्रवेश मिळाला तेव्हा बस चालवणारे बाबा डेपोभर सांगत सुटले होते, पदवीचे दोन झगे आता एकाच दिवशी, एकाच फोटोत बघायचे.

आणि नाना संख्याशास्त्रात नापास झाला. पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला.

तेव्हापासून तिच्या जिवाला घोर लागला होता. जेवताना डोळे ताटात असायचे आणि डोक्यात चौकटी सरकत असायच्या. शेवटी तिला एक वाट सापडली होती. नानाने संख्याशास्त्र पुन्हा घ्यायचं आणि विभागाची खास परवानगी काढून गुणवत्ता नियंत्रणही त्याच सत्रात उरकायचं. संख्याशास्त्राच्या सराव तासाला वरच्या वर्गातली मुलं खालच्या मुलांना अडलेली गणितं समजावून देत. तिथे तिने स्वतःचं नाव दिलं होतं. म्हणजे नाना डोळ्यांसमोर राहिला असता. त्याच तासाला अर्गोनॉमिक्सचं प्रात्यक्षिक होतं. माणसाच्या पाठीला, मनगटाला सोसेल असं यंत्र, असा बाक, अशी खुर्ची कशी करायची, त्याचा विषय. तो तिने सोडला. कुणी विचारलंच तर सांगायची, हलका आहे, त्यात काय शिकायचं.

“पुढे,” आतून आवाज आला.

मॅडमच्या टेबलावर गार झालेला चहा होता. तिने कागद त्यांच्यासमोर पसरला आणि उभ्याउभ्याच सुरुवात केली. संख्याशास्त्र, परवानगी, सुट्टीतला जादा वर्ग, प्रकल्प. कुठेही श्वास घेतला तर मॅडम मध्येच नाही म्हणतील, अशा घाईने ती बोलत होती.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“बस आधी. छान बसवलंयस. एखाद्या कारखान्याचं काम असतं तर मी डोळे झाकून सही केली असती.”

“म्हणजे परवानगी—”

“नाना काल येऊन गेला. त्याची नोंदणी झाली.”

ती बसता बसता थांबली.

“काय घेतलं त्याने?”

“संख्याशास्त्र. आणि त्याला झेपतील असे दोन विषय. तो एक वर्ष उशिरा बाहेर पडेल.”

“पण मॅडम, अजून बदलता येईल ना? आज संध्याकाळपर्यंत मुदत आहे. मी त्याला घेऊन येते. त्याला हिशोब नीट कळला नसेल.”

“त्याला कळलाय. इथेच बसून त्याने मला समजावला.” मॅडमनी कागद उलटा फिरवून तिच्याकडे सरकवला. “त्याच्या विषयांवर त्याची सही लागते, बाळ. तुझी नाही. आता तुझं सांग. ऐच्छिक विषय कोणता घेतेस?”

तिने मागे वळून पाहिलं. दारात पुढचा मुलगा चुळबुळत उभा होता.

“सांगते,” एवढंच म्हणून ती कागद गोळा करून बाहेर पडली.

नाना कॅन्टीनमध्ये सापडला. खिडकीशी एकटाच बसून पाव आणि उकडलेली अंडी खात होता. पानात पडलेलं नुसतं चिवडत बसणारा नाना आज पोटभर जेवत होता, आणि का कोण जाणे, तिला त्याचाच जास्त राग आला.

“फोन का बंद आहे तुझा?”

“तू करशील म्हणून.” त्याने पायाने समोरची खुर्ची पुढे ढकलली. “बस.”

“वर्ष वाया जाईल, नाना.”

“जाऊ दे की. माझंच आहे.”

“अजून वेळ आहे. मी सगळं जुळवलंय. तुला फक्त मॅडमकडे येऊन—”

“ताई.”

तो तिला ताई फक्त चिडला की म्हणायचा. आज तो चिडलेला नव्हता.

“पेपर हातात आला ना, की मला आधी तुझा चेहरा दिसतो,” तो म्हणाला. “प्रश्न नंतर दिसतात. तोवर डोकं बधिर झालेलं असतं.”

“मी कधी रागावले तुझ्यावर?”

“रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू नुसती काळजी करतेस.”

ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने एका रांगेत लावत राहिली. नाना ते बघत होता.

“आणि तो अर्गोनॉमिक्स हलका आहे, हे दुसऱ्या कुणाला तरी सांग,” तो म्हणाला. “आईची मान दुखते म्हणून तू तिच्या शिलाईमशीनखाली ठोकळे कापून बसवलेस. रोज थोडे घासायचीस, तिला शिवायला बसवायचीस, परत घासायचीस. तेवढा वेळ माझा अभ्यास घ्यायचं विसरली होतीस. मला तर सुट्टी लागल्यासारखं झालं होतं.”

तिच्या ओठांवर हसू येता येता राहिलं. तिला बाबा आठवले.

“बाबांना कोण सांगणार आता? केवढी आशा लावून बसलेत.”

“सांगितलं. काल सकाळी डेपोत गेलो होतो.”

“काय म्हणाले?”

नानाने पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला.

“थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. मग म्हणाले, ते ठीक आहे रे. पण तिला कोण सांगणार?”

“आईला?”

“आईला परवापासून माहीत आहे.”

परवा आईने उगाचच तिच्या डोक्याला तेल लावून दिलं होतं. काल रात्री बाबांनी ती खोलीत आल्याबरोबर रेडिओ मोठा केला होता. तिने पावाचे कण तळहातात गोळा केले आणि मूठ मिटली. नानाने उरलेलं अंडं तिच्यापुढे सरकवलं. ते खाऊन ती उठली.

संगणक कक्षात शेवटची काहीच मुलं उरली होती. तिने आपले सक्तीचे विषय भराभर भरले. ऐच्छिकच्या चौकटीपाशी मात्र हात थांबला. अर्गोनॉमिक्समध्ये जागा होती. तिने ते नाव निवडलं आणि पडद्यावर लाल ओळ उमटली.

तिने कक्षातल्या ऑपरेटरला हाक मारली. तो खुर्चीमागून वाकून बघू लागला.

“दोन्ही एकाच तासाला येतायत. संख्याशास्त्राच्या सरावाला तुमचं नाव आहे. ठेवायचं की काढायचं?”

त्या तासाला नाना कुठे बसेल, ते तिला दिसत होतं. मागच्या बाकावर, खिडकीशी. अडलं तर हात वर करणार नाही. पेनचं टोपण चावत बसेल.

“काढा,” ती म्हणाली.

त्याने एक कळ दाबली. लाल ओळ गेली. पडद्यावर तिच्या नावापुढे नवा विषय आला. तरी ती उठेना.

“तिथे आता दुसरं कोण असेल?” तिने विचारलं.

“कुठे?”

“सरावाला. मुलांचं अडलं तर.”

ऑपरेटरने खांदे उडवले.

“असेल की कुणीतरी,” तो म्हणाला आणि मागे उभ्या असलेल्या मुलीला त्याने पुढे यायची खूण केली.