चंदीच्या वेळेचं गाणं

ओझेला टिल्मनचा उजवा पाय जन्मापासून कधी स्वस्थ बसला नाही. तिची आई सांगायची, पाळण्यात असतानाच तो ठेका धरायचा, त्यामुळे पाळणा हलवायला माणूस लागलाच नाही. त्या दिवशी मात्र तो पाय असा सुटला होता की मोटारीच्या तळाला भोक पडणार, असं ल्यूटी आत्याला वाटायला लागलं.

"अगं बये, गाडीला इंजिन आहे. तू कशाला पाय मारतेस?"

"आत्या, गप बस ना जरा."

"मी बसते गप. आधी तुझा पाय बसव."

गाडी निघाली होती कॉपर फोर्कला, खेचरांच्या जत्रेला. टेनेसीच्या त्या भागात थंडी सरली की तीन जिल्ह्यांतली खेचरं घासूनपुसून, शेपटीला फिती बांधून रस्त्यानं मिरवतात, आणि बायकोला आयुष्यात कधी 'छान दिसतेस' न म्हणालेले बाप्ये खेचराच्या रूपावर तासभर बोलतात. तिथं ओझेला गाणार होती. म्हणजे गळा तिचा असणार होता. तोंड दुसरीचं.

झालं होतं असं. नॅशव्हिलच्या लायल क्लेबर्न या रेकॉर्डवाल्यानं हिवाळ्याच्या तोंडाला तिचं गाणं रेकॉर्ड केलं. नदी ओसरली, होडी परत आली, नावाडी तेवढा आला नाही, असं गाणं. ओझेलानं त्याच्या सुरुवातीला बापाची हाक घातली होती. तिचा बाप एझरा खेचरं हाकायचा. त्याची हाक एवढी लांब, की सकाळी मारली तर जेवणाच्या वेळेला पलीकडच्या जिल्ह्यात पोचायची. वाटेत डोंगर आला तर डोंगर बाजूला व्हायचा. खोटं वाटत असेल तर त्या डोंगराला विचारा, अजून तिरका उभा आहे. ती हाक ऐकली की खेचरांना कळायचं, चंदी आली, दाणा खायला चला. खाणं आटोपलं की बाप दुसरी हाक द्यायचा, छोटी, खाली उतरणारी. म्हणजे संपलं, आता जा. ओझेलानं ती गाण्याच्या शेवटाला ठेवली.

रेकॉर्ड निघालं आणि रेडिओवाल्यांनी डोक्यावर घेतलं. रोज भरदुपारी शेतकऱ्यांचा कार्यक्रम या गाण्यानंच सुरू व्हायचा. पण कव्हरवर ओझेला नव्हती. पांढऱ्या रंगाचं एक लाकडी कुंपण होतं. ल्यूटी आत्यानं ते हातात घेऊन, चष्मा लावून नीट पाहिलं होतं.

"फोटो बरा आलाय गं तुझा. जरा लाकडी दिसतेस, एवढंच."

ओझेला हसली नव्हती. क्लेबर्ननं तिला समजावलं होतं, "हे बघ ओझेला, लोक हे गाणं गोऱ्यांचं समजतात. तुझं तोंड दिसलं की रेडिओवाले रेकॉर्ड परत पाठवतील. आधी आवाज रुळू दे."

"गोऱ्यांचं!" आत्या फणकारली होती. "आणि या गाण्यांतला बँजो कोणी आणला रे बाबा? आपल्याच आफ्रिकेतल्या खापरपणज्यांनी ना, भोपळ्याला कातडं ताणून?"

दुसऱ्या रेकॉर्डच्या कव्हरसाठी क्लेबर्ननं एका फाटकाचा फोटो काढून ठेवला होता. आणि आज जत्रेत तर त्यानं कमालच केली होती. लोकांना गाणारी बघायची होती, म्हणून त्यानं डार्ला नावाची एक सोनेरी केसांची पोरगी आणली होती. ती मंचावर ओठ हलवणार, आणि ओझेला मागं ताडपत्रीआड, गवताच्या गाडीवर बसून गाणार.

ताडपत्रीमागं उकडत होतं. गवत टोचत होतं. ओझेला उठली, बसली, पुन्हा उठली. आत्यानं मक्याच्या ब्रेडचा तुकडा पुढं केला, तिनं नुसता कुस्करला.

"बाप असता तर काय म्हणाला असता?" तिनं विचारलं.

"ब्रेड वाया घालवू नको म्हणाला असता."

तेवढ्यात क्लेबर्न आत डोकावला. घामाघूम. "ओझेला, ती सुरुवातीची हाक आज नको हं. डार्लाला तेवढं तोंड उघडायला जमत नाही. सरळ गाण्यावर ये."

"आणि शेवटची?"

"तीही नको. हे आजचं निभावलं की तुझं चांगलं आहे. बिघडवलंस, तर परत जाऊन लोकांचे शर्ट इस्त्री कर."

"बरं, मिस्टर क्लेबर्न."

तो गेला. आत्यानं पुतणीकडं पाहिलं. "एवढ्या सहज 'बरं' म्हणालीस? ताप आलाय का?"

ताडपत्रीच्या फटीतून ओझेलाला डार्लाची पाठ दिसत होती, निळा झगा, पांढरे बूट. पुढं माणसांचा समुद्र आणि त्याच्या कडेनं मिरवणुकीत उभी खेचरं. आपली काळी माणसं पार लांब, कापसाच्या ट्रकांपाशी होती. रेडिओवाल्यानं आज दुपारचा कार्यक्रम जत्रेतूनच लावला होता. तो माईकवर ओरडला, "जिला तुम्ही रोज ऐकता, ती ही बघा!" आणि टाळ्या पडल्या. डार्लाला. ओझेलाचा पाय एकदम थांबला. जन्मात पहिल्यांदा. आत्या घाबरली, पोरगी गेली की काय.

ओझेलानं छाती भरून घेतली आणि बापाची हाक दिली. लांब, चढत जाणारी, ताडपत्री फुगवणारी.

आता एक गोष्ट क्लेबर्नच्या शहरी डोक्यात कधी आलीच नव्हती. तीन जिल्ह्यांतले शेतकरी रेडिओ ठेवायचे कुठं? गोठ्यात. आणि गाणं लागायचं कधी? भरदुपारी, चंदीच्या वेळेला. हिवाळाभर रोज तीच हाक, आणि मागोमाग बादली.

आधी कान उभे राहिले. एकाचे, दुसऱ्याचे, मग रस्ताभर. मग ब्रँडन नावाच्या शेतकऱ्याचं खेचर निघालं. त्याचं नाव गव्हर्नर, कारण ते कामाला कधी हलायचं नाही. ते हललं, म्हटल्यावर बाकीच्यांना कोण धरणार? मालक दोरांना लोंबकळत मागं फरफटत आले. खेचरं मंचाशी आली, डार्लाला हुंगलं, नापास केलं, आणि वळसा घालून मागं गेली. गव्हर्नरनं ताडपत्री दातात धरली आणि खाली ओढली.

गवताच्या गाडीवर ओझेला उभी. भोवती खेचरांचं कडं.

डार्लाचं तोंड उघडंच राहिलं, आता जमलं तिला. क्लेबर्न हातानं खुणा करत होता, थांब, थांब! पण थांबली तर हे सगळे बघे नुसतं तिचं तोंड बघणार होते. गात राहिली तर गाणं ऐकावं लागणार होतं. ती गात राहिली. डार्लानं मुकाट्यानं आपला माईक आणून तिच्या हातात दिला आणि हळूच म्हणाली, "मला हे बूट चावतायत. सुटले मी."

काही जण थुंकून निघून गेले, नाही असं नाही. पण ज्याचं खेचर तिथं रुतलंय तो कुठं जाणार? एकेकानं ओढून पाहिलं, शिव्या घालून पाहिलं, खऱ्या चंदीची बादली दाखवून पाहिलं. खेचरं मान वळवेनात. ओझेला शेवटच्या कडव्यापाशी आली, आणि हाक न देता पुन्हा पहिल्यावर गेली. गाण्यातला नावाडी चारदा बुडाला.

शेवटी ब्रँडन पुढं आला. म्हातारा, गोरा, कर्मठ. टोपी काढली त्यानं. "मॅम," तो म्हणाला. आजवर ओझेलाला कुठल्या गोऱ्या माणसानं मॅम म्हटलं नव्हतं. "मॅम, रोज दुपारी माझ्या गोठ्यात गाता त्या तुम्हीच का?"

"मीच."

"मग ती शेवटची हाक द्या ना. त्याशिवाय हा जागचा हलायचा नाही. मला घरी जायचंय."

ओझेलानं माईक तोंडाशीच ठेवला. रेडिओ चालूच होता. "देईन की. मिस्टर क्लेबर्नना एक विचारू दे. मिस्टर क्लेबर्न, पुढच्या रेकॉर्डवर फोटो कशाचा?"

"आपण ते नंतर बोलू, ओझेला."

"बरं," म्हणून ओझेलानं पहिल्या कडव्याचा सूर लावला.

"अरे सांग की तिला, माणसा!" ब्रँडन ओरडला. मागून इतर मालकही ओरडायला लागले. कापसाच्या ट्रकांकडून आपल्या माणसांचा हशा आला.

"तुझा!" क्लेबर्न पुटपुटला.

"माईकवर सांगा."

"ओझेला टिल्मनचा!" तीन जिल्ह्यांतल्या गोठ्यांनी ते ऐकलं. "तिच्या तोंडाचा! फाटक नाही!"

मग तिनं छोटी हाक दिली, खाली उतरणारी, आणि खेचरं वळली. मालक आपापले दोर सावरत त्यांच्या मागं गेले. दोन-चार रेडिओवाल्यांनी तिचं रेकॉर्ड परत पाठवलं, क्लेबर्न म्हणाला होता तसंच. बाकीच्यांनी पाठवलं नाही. पाठवून करतील काय, त्या हाकेशिवाय खेचरं दुपारी चंदीला तोंड लावणार थोडीच?

फोटो तिथंच काढायचा, आत्ताच, माझा विश्वास नाही, असा आत्यानं हट्ट धरला. तो अजून मिळतो बघायला. ओझेला मधोमध, केसांत गवत. पाय हललेला आलाय, तिथं नुसता धूर दिसतो. आणि डाव्या कोपऱ्यात एक लांबलचक कान आहे. सगळी गेली तरी गव्हर्नर हलला नव्हता. दुसरं गाणं असेल, असं वाटलं असेल त्याला.