एका दमात वाजलेली

तोरूनची झोप उडाली ती माझ्यामुळे. मी म्हणजे एक काळी तबकडी. पोळपाटापेक्षा जराशी मोठी, मधोमध भोक, दोन्ही अंगांना बारीक चर. बर्गनच्या तबकड्या विकणाऱ्या फ्रोदेनं तिला फोनवर सांगितलं होतं की शनिवारी तबकडी घेऊन येतो, सगळे मिळून ऐकू, तुम्ही दोघांनी हो म्हटलंत की पुन्हा छापायला टाकतो. तेव्हापासून तिला एकच घोर लागला. शनिवारी तिचा मुलगा ब्रागे घरात असणार. तो ऐकणार. आणि ऐकून काय विचारणार?

तोरून शाळेत शिकवते. प्रश्न यायच्या आधी उत्तर तयार ठेवायची तिला खोड आहे. तिनं बरीच उत्तरं करून पाहिली, आणि मुलाला सांगता येईल असं त्यात एकही निघालं नाही. त्या दिवशी त्याला आजीकडे पाठवावं, तर तो विचारणार, का? फ्रोदेला नको म्हणावं, तर नवरा विचारणार, का? त्या आठवड्यात तिनं घरातल्या तीन भिंतींची कपाटं आवरली आणि चौथ्या भिंतीपाशी बसून राहिली. हे सगळं मला नंतर त्यांच्या बोलण्यातून कळलं.

माझा जन्म दोनदा झाला. दुसऱ्यांदा कारखान्यात, गरम प्लास्टिकचा गोळा दोन साच्यांमध्ये दाबून. त्यात सांगण्यासारखं काही नाही, माझ्यासारख्या पुष्कळ जन्मल्या. पहिल्यांदा मात्र मी एकटीच होते. फ्योर्डच्या, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या खाडीच्या, काठावरच्या एका होडीघरात, नुसता आवाज म्हणून.

माझ्याबद्दल जो तो म्हणतो की मी अस्सल जुन्या वळणाची आहे. वयानं मी लहान, पण नव्या सुनेनं पहिल्या दिवसापासून आजेसासूसारखं नऊवारी नेसून खोकत फिरावं, तसं माझं झालं. ब्लॅक मेटल, म्हणजे सैतानाच्या नावानं किंचाळायचं संगीत, वाजवणाऱ्या जुन्या पोरांकडे पैसा नव्हता, म्हणून त्यांचा आवाज खरखरीत यायचा. तोरून आणि तिचा नवरा योस्टाइन, दोघांकडे बऱ्यापैकी पैसा होता, तरी त्यांनी मुद्दाम खरखर आणली. मोडकळीला आलेलं कॅसेटचं यंत्र शोधून आणलं, एकच माईक आढ्याला टांगला आणि शेगडी न पेटवता वाजवायला बसले, कारण गारठलेल्या बोटांनी वाजवलेलं वेगळं ऐकू येतं म्हणे. मी खरीच दुष्ट आहे की दुष्टपणाची चांगली नक्कल, याची मला बरेच दिवस शंका होती. आता नाही.

आणि एक रीत त्यांनी पाळली, ती सगळ्यांत जुनी. गाणं एका दमात वाजवायचं. तुकडे जोडायचे नाहीत, चूक झाली तर चुकीसकट ठेवायचं. आणि मध्येच कुणी थांबलं तर ते गाणं मेलं. ते पुन्हा कधीच वाजवायचं नाही. योस्टाइन हे एखाद्या पाद्र्यासारखं बजावायचा. देवाला न मानणाऱ्यांची सोवळी जास्त कडक असतात, हे मी तेव्हाच शिकले.

ब्रागे तेव्हा जेमतेम रांगत होता. दुपारी तो बाबागाडीत, उघड्यावर झोपला होता. इथली सगळी बाळं हिवाळ्यातही बाहेरच झोपतात, लोकरीत गुंडाळून. गारठ्यात झोप गाढ लागते. वारा पाण्यावरून येत होता, म्हणून तोरूनने गाडी होडीघराच्या भिंतीला लावली, वळचणीखाली. बाळाकडे कान ठेवणारं यंत्र गाडीत होतं, पण ते चालू असलं की गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या अँपमध्ये गुणगुण येते. योस्टाइनने ते बंद केलं. तोरून म्हणाली, ठीक आहे, मी प्रत्येक गाण्यानंतर बाहेर जाऊन बघत जाईन. आणि ती जात होती. दर वेळी तो झोपलेलाच होता.

शेवटचं गाणं सगळ्यांत लांब. तोरून गिटार वाजवत होती आणि योस्टाइन ड्रम असा बडवत होता की फळ्या थरथरत होत्या. फळ्यांवर छप्पर, आणि छपरावर महिन्याभराचा बर्फ. तो सुटला आणि खाली, बाबागाडीवर आला.

ब्रागे रडला. ते रडणं फळ्यांमधून आत आलं, माईकमध्ये शिरलं, कॅसेटवर गेलं आणि तिथून माझ्या चरांमध्ये. बारीक, लांबून आलेलं, सलग. त्यानंतर थोड्याच वेळात गिटार एकदा अडखळते. उंबऱ्याला पाय लागावा, इतकीच. लगेच ताल धरते आणि शेवटपर्यंत सोडत नाही. रडणं मात्र शेवटपर्यंत टिकत नाही. गाणं चालू असतानाच ते थांबतं.

गाणं संपल्यावर त्यांनी फावड्यानं आणि हातांनी बर्फ उपसला. बाबागाडीच्या टपाखाली हवा राहिली होती, म्हणून मूल जिवंत सापडलं. त्याचा डावा हात मात्र लोकरीच्या हातमोज्यातून निसटून बर्फात रुतला होता. दोन बोटांची टोकं काळी पडली आणि पुढे दवाखान्यात काढावी लागली.

दवाखान्यातल्या बाकावर योस्टाइन तोरूनला म्हणाला की काही ऐकूच आलं नाही ना, आपल्याला कुठलं कळणार. तिने मान हलवली. चार दिवसांनी त्याने घरी कॅसेट ऐकली आणि पुन्हा तिच्याशेजारी येऊन बसला. घाबरत घाबरतच म्हणाला, की ते रडणं त्यात आलंय, आणि तसं काही आजवर कुणाच्या गाण्यात ऐकलेलं नाही. पुसायचं का? ती म्हणाली, तुला हवं ते कर. तिला अडखळण्याची जागा आठवत होती. पुसू नको म्हणावं तर मन खाणार, पूस म्हणावं तर तो पुन्हा कान देऊन ऐकणार. त्याने पुसलं नाही.

अशी मी छापली गेले, आणि मी जी पहिल्या छपाईतली, ती फ्रोदेच्या दुकानात गेले. फ्रोदे माझा मालक. अंगानं आडवा, काळा सदरा, मांजराला घाबरणारा. गिऱ्हाइकांना ऐकवायला त्यानं मलाच ठेवलं होतं, त्यामुळे माणसं मी जवळून पाहिली. ही माणसं गाणं ऐकताना हसत नाहीत. हाताची घडी घालतात, हनुवटी छातीला लावतात आणि जमिनीकडे बघत उभी राहतात, जणू कुणाला पुरायला आली आहेत. पहिल्या अंगाला एकमेकांना सांगतात की हे फारच साफ वाजलंय. दुसऱ्या अंगाला गप्प होतात. आणि ते रडणं आलं की डोळे मिटतात.

ते ऐकून माणसाला बरं वाटतं. मी खोटं कशाला सांगू? दिवसभर ज्यानं साहेबाचं ऐकून घेतलंय, बायकोचं ऐकून घेतलंय, तो दुकानात येऊन एक अनोळखी जीव तडफडताना ऐकतो, आणि जाताना खांदे सैल सोडून जातो. हा आवाज कुठून आणला, म्हणून लोक भांडायचे. कुणी म्हणे कोल्हा, कुणी म्हणे गंजलेली बिजागरी. तोरूनने फ्रोदेला सांगून ठेवलं होतं की अँप रडला. अडखळण्याबद्दल कुणी विचारलं तर बोटं गारठली होती, असं सांगायची. लोकांना ती गारठलेली बोटंही फार आवडायची.

मग मी संपले. म्हणजे विकायच्या तबकड्या संपल्या. मी फ्रोदेच्या दुकानात उरले, काठाला चिरलेली, दुसरं अंग झिजलेलं. मला मूळ छपाईतली म्हणून कुणी विकत मागितली तरी तो द्यायचा नाही. मला ऐकावं एवढंच माझं मागणं असतं. कुणाला त्रास होईल म्हणून मला कपाटात ठेवा, असं मी कधी म्हणणार नाही. ज्या कामाला जन्माला घातलंत, ते करू द्या.

त्या शनिवारी फ्रोदेनं दारात बूट काढले. मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. तोरूनने खाचांच्या तव्यावर गोड धिरड्यांसारखे वाफल केले होते, वर तपकिरी चीज. फ्रोदेनं तीन खाल्ले आणि चौथ्याला हात घातला.

"तोरून, एवढे मऊ वाफल करणारी बाई सैतानाच्या नावानं किंचाळत होती, हे बाहेर फुटलं तर माझं दुकान बसेल."

"मग कमी खा," योस्टाइन म्हणाला.

ब्रागे गालिच्यावर पसरला होता. इथे मुलांना गोळ्या शनिवारीच मिळतात, त्यामुळे त्याचं सगळं लक्ष पिशवीत. आईनं त्याला दोनदा सुचवलं की बाहेर जा, स्की घेऊन ये, मोठ्यांचं कंटाळवाणं काम आहे. त्यानं गोळ्या रंगाप्रमाणे रांगेत लावल्या आणि गेला नाही.

फ्रोदेनं मला वाजवायला ठेवलं. पहिलं अंग झालं, दुसरं सुरू झालं. तोरून टेबल पुसत होती. पुसलेलं टेबल पुन्हा पुसत होती. शेवटचं गाणं आलं, ते रडणं आलं, आणि फ्रोदेनं बोट वर केलं.

"हे. सात वर्षं विचारतोय मी तुला. या वेळी वेष्टनावर दोन ओळी लिहून दे, हे कसं केलंस."

"सांगितलंय की. अँप होता," तोरून म्हणाली.

"अँप नाहीये," ब्रागे गालिच्यावरून म्हणाला. त्याच्या तोंडात गोळी होती. "बाळ आहे ते. शेजारच्यांचं अस्संच रडतं."

फ्रोदे हसला. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा तोही थांबला.

"कुणाचं बाळ आहे?" ब्रागेनं विचारलं.

तोरूनने तोंड उघडलं. त्याआधीच योस्टाइन बक्षिसाचा पेला दाखवावा तशा आवाजात म्हणाला, "तू आहेस तो. छपरावरचा बर्फ पडला ना तुझ्यावर, तेव्हाचा."

फ्रोदेनं वाफल खाली ठेवला. आधी त्याचा चेहरा पडला. मग हळूच डोळे चमकले. हे मी दुकानात अनेकदा पाहिलं होतं, पण त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच. तो म्हणाला की अरेरे, आणि पुढच्याच श्वासाला, मग तर हे छापलंच पाहिजे.

ब्रागेला बर्फाची गोष्ट माहीत होती. तू झोपला होतास, बर्फ पडला, थंडीनं बोटं खाल्ली, एवढीच ती गोष्ट होती. शाळेत कुणी हाताकडे बघितलं तर तो हीच सांगायचा, कधी कधी त्यात एक अस्वलही घालायचा. पण गोष्टीत रडणं नव्हतं, आणि गाणं तर नव्हतंच.

तो उठला. अंगठा आणि अनामिकेच्या चिमटीत सुई धरून त्यानं ती अलगद उचलली, मागे नेली, पुन्हा ठेवली. गुडघ्यांवर बसून त्यानं आवाजाच्या पेटीला कान लावला. रडणं सुरू झालं. तो तळहातानं मांडीवर ताल धरत होता, आणि एका ठिकाणी त्याचा हात थांबला.

"आई, इथे तू चुकलीस."

"चूक नाही ती," योस्टाइन म्हणाला. "आईची बोटं गारठली होती. लोकांना तर..." आणि तो थांबला. सात वर्षांत त्याने ती जागा शेकडो वेळा ऐकली होती, पण ती रडण्याच्या किती जवळ आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. ड्रमवाल्यांना स्वतःशिवाय काही ऐकू येत नाही.

"तोरून. तुला ऐकू आलं होतं?"

तिने फडकं घडी करून टेबलावर ठेवलं.

"आलं होतं," ती म्हणाली. "वाटलं, एवढं गाणं होऊ दे, मग जाते. थांबले असते तर ते पुन्हा वाजवता आलं नसतं. तूच सांगितलं होतंस."

"मी बोटं चुकण्याबद्दल बोलत होतो, मुलाबद्दल नाही."

"आणि मग ते छापलंस. लोकांना विकलंस."

"तू ऐकलं होतंस, हे मला माहीत नव्हतं."

"तो रडतोय हे तर माहीत होतं?"

फ्रोदे उठून दारात जाऊन बूट घालू लागला, डावा उजव्या पायात.

मी फिरतच होते. रडणं थांबलं, त्यामागून गाणं लांबत गेलं, गिटार बिनचूक, एकही सूर न सोडता. संपायच्या आत ब्रागेनं सुई उचलली आणि पुन्हा तिथेच ठेवली. या वेळी तो बसला नाही. हाताची घडी घालून, हनुवटी छातीला लावून, जमिनीकडे बघत तो उभा राहिला. त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

तोरून त्याच्यासमोर गुडघ्यांवर आली. हात पुढे केला, पण लावला नाही. म्हणाली, ब्रागे, काहीतरी बोल. रागाव. काहीही म्हण.

त्यानं बोट वर केलं, गप्प राहा म्हणून. रडणं संपेपर्यंत ऐकलं. मग मान हलवली, जशी दुकानातली माणसं हलवतात, एखादी गोष्ट थोडक्यात हुकली की.

"मी अजून जोरात रडायला पाहिजे होतं," तो म्हणाला.