कोमट पाणी

भल्या सकाळी प्लंबरने हीटरचा फ्यूज काढला, रविवारच्या कोटाच्या खिशात टाकला आणि जिना चढून वर चर्चमध्ये आला. पुढच्या फळ्या काढून बाप्तिस्म्याची टाकी उघडी केली होती. पाणी काठोकाठ होतं, अजून गारच.

"दादा, झालं का रे सगळं?" धाकट्या बहिणीने विचारलं. तिच्या हातातल्या पांढऱ्या झग्याला कालपासून तीनदा इस्त्री झाली होती.

"टाकी भरली," तो म्हणाला. चर्चमध्ये तो खोटं बोलत नसे.

बाप्तिस्मा तिच्या नवऱ्याचा होता. तो इलेक्ट्रिशियन. टाकीचा हा हीटरही त्यानेच बसवलेला. बसवला आणि आठवड्याभरात बायको-पोरांना सोडून जो परागंदा झाला, तो सात वर्षांनी उगवला. बहिणीने त्याला माफ केलं. पाळकांनी केलं. देवाने तर, पाळकांच्या म्हणण्याप्रमाणे, केव्हाच केलं होतं. राहता राहिला प्लंबर. मेहुण्याच्या तारणाला त्याची हरकत नव्हती. ते गरम पाण्यातच व्हावं, असं मात्र कुठे लिहिलेलं नव्हतं.

उपासनेला मंडळी चक्क वेळेआधी जमली होती. गायकांचा सूरही लागला होता. दोन्ही पोरं भेटेल त्याला हाताला धरून ओढत होती, "चला ना, आमचे पप्पा दाखवतो!"

पप्पा दारातून आत आले. अंगावरचा शर्ट दुसऱ्या कुणाचा वाटावा, इतका माणूस वाळला होता. तो थेट प्लंबरकडे आला.

"दादा, पायऱ्यांवर हात द्याल? दवाखान्यातून आल्यापासून पायांचा भरवसा नाही."

"मी?"

"माझ्या बाजूने उभं राहणारं दुसरं कोण आहे?"

प्लंबरने पाण्यात बोट बुडवलं आणि लगेच बाहेर काढलं. आता फ्यूज लावून उपयोग नव्हता. टाकी तापायला अख्खी सकाळ लागे.

"किटल्या!" तो एकदम ओरडला. "पातेली! असेल नसेल ते शेगडीवर चढवा!"

"अहो, झालं काय?" पाळक धावत आले.

"हीटर बंद आहे," प्लंबर म्हणाला. हेही खोटं नव्हतं.

मग जी धांदल उडाली! मंडळींच्या चहाचं आधण टाकीत गेलं. गायक गात गातच पातेली वाहू लागले. सगळ्यांच्या पुढे घामाघूम प्लंबर, "सरका, सरका, भाजेल!"

"बंधुप्रेम म्हणतात ते हे," पाळक सद्गदित होऊन म्हणाले. प्लंबरने ते ऐकलं आणि आणखी जोरात पळाला.

अखेर मेहुणा पाण्यात उतरला. शेजारी पाळक, आणि पायरीवर पँट दुमडून प्लंबर. मेहुणा पाण्याखाली गेला, वर आला, आणि "हालेलुया"ने छत दणाणलं. बहीण हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. मेहुणा काठावर चढून कुडकुडत उभा राहिला. एवढ्या तयारीत टॉवेल काही कुणाला सुचला नव्हता. खाली पाण्यातच उभ्या प्लंबरने अंगातला कोट काढून त्याच्याकडे दिला.

कोट चढवून मेहुण्याने गारठलेले हात खिशात घातले. उजवा हात तिथेच थांबला. बोटांनी ती वस्तू नीट चाचपली. मग त्याने प्लंबरकडे पाहिलं. प्लंबर आपल्या ओल्या पायांकडे बघत होता.

"दादा," मेहुणा हलकेच म्हणाला, "पाणी मस्त होतं हं."

हात त्याने रिकामाच बाहेर काढला आणि खाली पुढे केला.

"या वर. सांभाळून, पायऱ्या निसरड्या आहेत."