तीन चर्चमध्ये नोकरी केलेला बाक

“या बाकाचा खिळा नेमका माझ्याच वाट्याला येतो बाई,” असे एक सासूबाई दर रविवारी बसता बसता पुटपुटतात. मित्रांनो, तो खिळेवाला जुना बाक मीच. आजवर तीन चर्चमध्ये माझी नोकरी झाली.

पहिले चर्च कॅथलिक. सुताराने मला घडवताना पुढच्या बाजूला गुडघे टेकायला एक अरुंद फळी जोडली होती, वर मऊ गादी. समोर येशूची मूर्ती असलेला क्रूस, बाजूला माता मरिया आणि संत. लोक फादरांपाशी पापे कबूल करत आणि हलके होऊन माझ्यावर येऊन बसत. फादर बिनलग्नाचे. त्यांच्या वर बिशप, आणि सगळ्यांच्या वर पोप.

नवे बाक आले आणि मला विकून टाकले ते प्रोटेस्टंट चर्चला. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी गुडघ्यांची फळी उखडली. वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? तिथे मूर्ती नव्हत्या, क्रूसही रिकामा. पोपला ते मानत नसत. शेवटचा शब्द बायबलचा. पास्टरांची बायको पियानो वाजवी, आणि पास्टरांचे प्रवचन काही केल्या संपत नसे. प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीने खायच्या पावाची, ताटली मात्र बसल्या जागी हातोहात फिरायची.

हे तिसरे चर्च ऑर्थोडॉक्स. इथेही पोपची सत्ता नाही, पण संत आहेत, सोनेरी चित्रांतले. लोक चित्रांचे मुके घेतात, धूप दाटतो आणि प्रार्थना उभ्यानेच चालते. मग बाकाला विचारतो कोण? मला भिंतीला लावले, थकल्याभागल्यांसाठी.

सासूबाई काही थकलेल्या नाहीत. त्या माहेरच्या कॅथलिक, आणि ऑर्थोडॉक्स घरात लग्न होऊनही तशाच राहिल्या. प्रभुभोजनाला नवरा पुढे जातो, त्या माझ्यावर बसतात; कारण इथे दुसऱ्या पंथाच्या माणसाला ते देत नाहीत. त्यांच्या माहेरच्या चर्चमध्येही सहसा असेच असते. घरात मात्र सांगायचे कारण एकच ठरलेले: गुडघे दुखतात. शेवटी आशीर्वादाचा पाव वाटतात, तो प्रभुभोजनाचा नव्हे, म्हणून सगळ्यांनाच चालतो. त्यातला तुकडा नवरा रुमालातून आणतो आणि त्यांच्या तळहातावर ठेवतो.

यंदा सून आली, प्रोटेस्टंट घरातली. नव्या माणसाने काही दिवस मागेच बसायचे असते, असे मुलाने तिला सांगून ठेवले. पोरगी मायेची, आणि हातात घेतलेले काम सोडणारी नव्हे. तिने सासूबाईंसाठी हाडांचे डॉक्टर गाठले. आज तर माझ्यावर बसूनच शस्त्रक्रियेची गोष्ट काढली. सासूबाई म्हणाल्या, बरं, करून टाकू. खरे सांगण्यापेक्षा गुडघे कापून घेणे त्यांना सोपे वाटले.

मित्रांनो, माझी फळी काढली, खिळे ठोकले, तरी माझी तक्रार नाही. लाकडाला ते चालते. माणसांना माझ्यावर जरूर बसवा. पण कोण का बसले आहे, हे एकदा तरी मनापासून विचारा. मी हे किती वर्षे सांगू पाहतो आहे, पण बाकाचे कोण ऐकतो?

सासरे रुमाल घेऊन आले. सुनेने त्यांना डॉक्टरांची वेळ सांगितली. पावाचा तुकडा हातातच ठेवून ते माझ्या टोकाला बसले.

“गुडघे ठणठणीत आहेत तिचे, सूनबाई,” ते म्हणाले. “ती आमच्या पंथाची नाही, म्हणून तिला पुढे घेत नाहीत. तुलाही घेणार नाहीत.”